एलादिओ वकिलाची खरी हाक

एलादिओ फेलिसियानोच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्या जिभेनंच त्याला न्हाव्याच्या खुर्चीमागून उचलून कुस्तीच्या रिंगणाशी नेऊन उभं केलं. मायाग्वेसला त्याचं केस कापायचं दुकान होतं. एकदा गिऱ्हाइकाशी त्याचं वाजलं. शेजारच्या खुर्चीत तोंडाला साबण फासून बसलेले कुस्त्यांचे ठेकेदार डॉन क्रिसांतो ऐकतच राहिले. "माणसाला बोट न लावता तू एवढं पेटवतोस," ते म्हणाले, "मग कात्री कशाला चालवतोस, बाबा?" महिन्याभरात एलादिओच्या अंगावर पांढरा सूट चढला, हातात काठी आली आणि नाव पडलं 'वकीलसाहेब'. म्हणजे ठरवून लढवल्या जाणाऱ्या कुस्त्यांतल्या दुष्ट पैलवानांचा मॅनेजर. त्यांच्या वतीनं बोलायचं, पंचाची पाठ वळली की काठी घालायची आणि अख्ख्या पोर्तो रिकोच्या शिव्यांची लाखोली आपल्या अंगावर ओढून घ्यायची.

ती त्यानं इतकी मन लावून ओढून घेतली की बाजारात त्याच्या बायकोला, नेरेइदाला, कुणी केळी विकेना. "त्या हलकटाच्या घशात आमची केळी नकोत," बाया तोंडावर सांगत. आरेसिबो गावातल्या कुस्तीत कुणीतरी त्याच्या पाठीत सुरा घातला, तेव्हापासून नेरेइदा सुटाच्या अस्तरात शिडाचं जाड कापड शिवून देई. तो गाडी लांब चर्चमागं लावी, निघताना चारही टायर हातानं चाचपून बघे. एवढा टगेपणा मिरवणारा माणूस कुस्तीच्या दिवशी सकाळपासून दाराला आतून कडी घालून बसायचा. लोकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आणखी दोन दगड मारले असते.

आणि लोकांच्या गळ्यातला ताईत कोण, तर अर्सेनिओ किलेस. गवती टोपी घालून रिंगणात येणारा डोंगरचा शेतकरी, भोळा आणि बळकट. त्याचं आणि वकिलाचं वैर पोराटोरांना पाठ. खरी गोष्ट अशी की अर्सेनिओच्या मुलीचा धर्मबाप एलादिओच होता, आणि त्या नात्यानं दोघं एकांतात एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. पण सज्जन आणि दुष्ट यांनी एका गाडीत बसायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही, हा धंद्याचा कायदा. त्यामुळे पोरीचा बाप्तिस्मासुद्धा चर्चचं दार लावून झाला होता.

त्या रविवारी दुपारी कागुआसच्या बेसबॉल मैदानावर कुस्ती होती. एलादिओच्या पैलवानानं अर्सेनिओला दोरावरून बाहेर फेकलं. हे ठरलेलंच होतं. पण अर्सेनिओचा पाय दोरात अडकला आणि डोकं सिमेंटवर आदळलं. तो आवाज एलादिओला ओळखीचा वाटला नाही.

पैलवानांची एक रीत असते. पडलेल्याचा हात चोरून दाबायचा. त्यानं उलट दाबला की ठीक आहे, चालू दे. एलादिओ त्याचा हात तुडवायच्या निमित्तानं वाकला आणि त्यानं बोटं दाबली. उत्तर नाही. पुन्हा दाबली.

"अर्सेनिओ, दाब ना रे. कोंपाद्रे, चेष्टा पुरे."

अर्सेनिओच्या घशातून घरघर येत होती. पंच आत दुसऱ्या पैलवानाशी हुज्जत घालण्यात गुंग. मैदानाचा डॉक्टर पायऱ्यांशी बसून माशाची भजी खात होता. एलादिओनं काठी टाकली, गुडघे टेकले आणि ओरडला, "डॉक्टर, इकडे या! खरंच लागलंय याला!"

सगळं मैदान हसलं. हसणारच. दर आठवड्याला हा माणूस असाच गुडघे टेकून रडायचा आणि समोरचा विरघळला की मुठीतली पावडर त्याच्या डोळ्यांत फेकायचा. लांडगा आला रे म्हणणाऱ्याला निदान लांडगा तरी बदनाम करायला होता. इथं लांडगा स्वतःच ओरडत होता.

"ए नाटक्या, पावडर कुठल्या हातात आहे?" कुणीतरी विचारलं. बियरचा पेला त्याच्या डोक्यावर फुटला. डॉक्टर बोटं चाटत म्हणाला, "मी नाही फसायचा, वकीलसाहेब."

अर्सेनिओचे ओठ निळे पडायला लागले. आपण खरं बोलतोय आणि तेवढ्यासाठी हा मरणार, हे एलादिओला लख्ख कळलं. ही माणसं आपलं दुष्टपणाचं बोलणं तेवढं खरं मानतात. तो उठला, काठी उचलली आणि मैदानाला ऐकू जाईल असा खदखदून हसला.

"मान मोडली मी याची! काठीत लोखंड होतं, दिसलं नाही कुणाला. डॉक्टरनं हात लावायचा नाही याला. मरू दे डोंगऱ्याला!"

लोक कठडा मोडून आत घुसले. चार जणांनी डॉक्टरला काखेत धरून उचलूनच आणलं, उरलेले एलादिओवर तुटून पडले. लाथा खाताना तो पायांच्या फटीतून बघत होता. डॉक्टरनं अर्सेनिओला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त काढलं, स्ट्रेचर आलं. मग पोलिसांनी एलादिओला गर्दीतून ओढून बाहेर काढलं.

डॉन क्रिसांतोनी निरोप धाडला की दुष्टांपैकी इस्पितळाकडे कुणी फिरकायचं नाही, नाहीतर वैराचं बिंग फुटेल. एलादिओ रात्रभर अर्सेनिओच्या घरी फोन लावत होता, कुणी उचलला नाही. सकाळी एलादिओ म्हणाला, "मी जातोय." मोडक्या बरगड्यांना पट्टा बांधून देत नेरेइदा म्हणाली, "मग गाडी मी चालवते."

इस्पितळाच्या फाटकाशी मेणबत्त्या घेऊन माणसं उभी होती. जपमाळ ओढणाऱ्या एका म्हातारीसमोर तो थांबला. नीट विचारलं तर ही सांगायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ओठ वाकडा केला.

"काय म्हातारे, गेला का तुमचा डोंगऱ्या?"

ती त्याच्या तोंडावर थुंकली. "जगलाय, मेल्या! तुझ्या नाकावर टिच्चून जगलाय. पहाटे डोळे उघडले, बायकोला नावानं हाक मारली. उठू दे त्याला, तुझी हाडं वेचायला लागतील."

"बघू," एलादिओ म्हणाला. छत्रीचे दोन फटके खाऊन तो मागं वळला आणि वाकडा ओठ तसाच धरून गाडीपर्यंत आला.

त्याच्या गालावरची थुंकी बघून नेरेइदानं विचारलं, "गेला का रे?"

"जिवंत आहे," तो म्हणाला, आणि त्याचा हुंदका फुटला.

"थांब," ती म्हणाली. "आधी काच वर कर. लोक बघतायत."