गिटारच्या मानेवरचा काळा दोरा

परवा एका सुताराकडे लाकूड चिकटवायचा सरस शिजत होता. त्या उग्र वासासरशी मी धुळ्यात पोचले, सत्तर सालच्या आसपासच्या.

झाडताना माझ्या हातून भावाची गिटार पडली आणि तिची मान तडकली. तो भुसावळला ट्रेनिंगला गेला होता. गिटार दुरुस्त करणारं गावात कोण असणार? चादरीत गुंडाळून मी ती बैलगाड्या बनवणाऱ्या आबांकडे नेली. त्यांनी फटीत गरम सरस भरला आणि मान सुतळीने आवळली.

"मान मोडनी शे, बेन. जुडी जाई. आठ दिन हात लावू नको."

आणायला गेले, तर नव्या गाडीला बांधतात तसा मानेला काळा दोरा आणि बिब्बा! घरी भाऊ आलेलाच होता. "हे काय?" म्हणाला.

"दृष्ट लागू नये म्हणून," मी ठोकून दिलं.

"बरं केलंस," एवढंच बोलून तो वाजवायला बसला. मी फसवलं त्याला, असंच मला वर्षानुवर्षं वाटत होतं.

भाऊ वारल्यावर गिटार माझ्याकडे आली. दोरा मात्र नवाकोरा.

"झिजला की हे स्वतः बदलायचे," वहिनी म्हणाली. "आणि अगदी त्याच जागी बांधायचे."

मी दोरा सरकवला. खाली तडा होता.