पहिलीच्या वर्गाचा मास्क

साथीत बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आठवड्यात मी गावी, मालवणजवळ होते. पुण्यात माझं काम म्हणजे जगभरचे अभ्यास वाचायचे आणि त्यातला कुठला किती भरवशाचा, याचा अहवाल लिहायचा. तेव्हा विषय होता लहान मुलांचा मास्क. हे कळल्यावर शाळेतल्या बाईंनी मला पालकांच्या सभेला बोलावलं. अगदी लहानग्यांबाबत वरून आलेली सूचना मोघम होती, त्यामुळे काय ते सभेनेच ठरवायचं होतं.

शाळेच्या पडवीत मी होतं तसं सांगितलं. मास्कने थेंब अडतात, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण पहिलीतली मुलं तो ओढतात, चघळतात, एकमेकांना देतात. अशा वर्गात आजार किती कमी होतो, याचा भक्कम पुरावा आमच्याकडे नव्हता. फायदा नाहीच असंही म्हणता येत नव्हतं.

मासे विकणाऱ्या एक काकी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षां शिकलंस, आणि तुका ठावक नाय?"

मी म्हटलं, "नाय गो काकी. कोणाकच नीट ठावक नाय."

त्या म्हणाल्या, "मगे माझ्या नातीचा काय करूचा, ता सांग."

नात पहिलीतच होती. तिला फार कमी ऐकू यायचं, समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखायची. सगळ्यांची तोंडं झाकली गेल्यापासून तिने बोलणंच टाकलं होतं. मी इतके तक्ते वाचले, पण अशा मुलांचं काय होतं, हे शोधायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ते मी सभेत कबूल केलं.

मग लोक मोकळे झाले. एका सुताराने वर्गाच्या घट्ट बसलेल्या खिडक्या सोडवून द्यायचं कबूल केलं. घरी दम्याची आई असलेला एक बाप मुलाबद्दल म्हणाला, "माझो झील मास्क घालतलो." त्याला कुणी हसलं नाही. मुलांचा मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचा, ताप-खोकला असेल त्याने घरी राहायचं, वर्ग पडवीत भरवायचा आणि बाईंनी लांब उभं राहून, तोंड उघडं ठेवून शिकवायचं, असं ठरलं.

दोन महिन्यांनी मी पुन्हा शाळेत आले. मधल्या काळात काही मुलांना सर्दी-ताप येऊन गेला होता. मास्कने काय साधलं, हे त्या एका वर्गावरून सांगता येणार नव्हतं, आणि बाईंना मी तसंच सांगितलं. माझ्या अहवालात मात्र कमी ऐकू येणाऱ्या मुलांवर एक प्रकरण वाढलं होतं.

काकींची नात पहिल्या ओळीत बसली होती. मी मास्कमधूनच विचारलं, "नाव काय गो तुजा?"

तिने माझ्या तोंडाकडे बोट केलं. "खाली घे. माका दिसणा नाय."

मी चार पावलं मागे सरले, मास्क उतरवला आणि पुन्हा विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं, मग आजीचं, आणि लगेच घरच्या मांजराचंही.