मधली सोळा पानं

वाचणाऱ्या माणसांचे किस्से फारसे नसतात. वाचतो असं सांगणाऱ्यांचे मात्र संपता संपत नाहीत! माझं लातूरला क्लासेसच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर पोरांच्या नोट्स काढायच्या, आणि मशीन तापलं की स्टुलावर बसून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पुस्तकांचा पार’ उघडायचा. नांदेड-लातूरकडचे पावणेदोनशे वाचक आहेत त्यात. चार वर्षांत इतकं साचलंय की कुठंतरी ओकून टाकल्याशिवाय पित्त बसायचं नाही.

ग्रूपचे अ‍ॅडमिन भालेराव सर. नांदेडचे रिटायर्ड हेडमास्तर. रिटायर झाले, पण शाळा सुटली नाही; ती त्यांनी आमच्यावर भरवली. गुड मॉर्निंग बंद, राजकारण बंद, आणि पुस्तकावरचा अभिप्राय किमान शंभर शब्दांचा. नव्व्याण्णव भरले तर सर खाली लिहिणार, ‘अपूर्ण.’ मोजायचे ते, बरं का! वाचायचे की नाही ते देवाला माहीत.

०००

लातूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत ग्रूपवर. दर रविवारी सकाळी त्यांचा फोटो येतो. टेबल, चहाचा कप, उघडं पुस्तक, पुस्तकावर चष्मा. खाली ओळ, ‘सध्या वाचतोय.’ लगेच पन्नास अंगठे!

एकदा लाइट गेली होती. रिकामा बसलो होतो म्हणून त्यांचे सगळे फोटो एकाखाली एक बघितले. कप अकरा प्रकारचे निघाले. पान एकच. एकशे बेचाळीस.

मी पर्सनलवर विचारलं, ‘‘साहेब, एकशे बेचाळीसच्या पुढं गाडी का जाईना?’’

साहेबांचं उत्तर आलं, ‘‘त्या पानावर उजेड चांगला पडतो.’’

०००

नायगावचे एक कवी आहेत. वीस वर्षं कविता लिहून शेवटी त्यांचा संग्रह आला. ग्रूपवर त्यांनी कव्हर टाकलं. साठेक ‘अभिनंदन’ आले आणि चाळीसेक ‘पीडीएफ असेल तर पाठवा.’ एकानं तर कळसच केला. ‘पीडीएफ नसेल तर पानांचे फोटो काढून टाका, सवडीनं बघू!’

महिन्याभरानं कविराज माझ्या दुकानात. पिशवीतून स्वतःचंच पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं, इकडंतिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, ‘‘भाऊ, प्रकाशकानं पाचच कॉप्या दिल्या. त्या वाटण्यात गेल्या, ही एकच राहिली. सोताच्याच पुस्तकाची झेरॉक्स काढली तर गुन्हा हाय का?’’

मी पाठपोट काढून दिली. अख्खं पुस्तक माझ्या हाताखालून गेलं आणि एकही कविता मी वाचली नाही. दुसऱ्यांना नावं ठेवतोय तर हेही सांगून टाकलेलं बरं.

०००

शोभाताई अर्धापूरच्या. घरची केळीची शेती, शिक्षण दहावी, घरात सून आली तरी बाईंचं वाचन सुटलं नाही. केळी न्यायला गाडी येईपर्यंत बांधावर बसायचं आणि तेवढ्यात दहा पानं उरकायची. ग्रूपवर आल्या त्या आठवड्यातच त्यांनी एका पुस्तकाचा फोटो टाकून खाली लिहिलं:

‘मला तर ह्या पुस्तकातली म्हातारी लई आवडली. ती कोणालाच भेत न्हाई. तुमच्यापैकी कोणाला आवडली का? बोला की.’

कोणी बोललं नाही. सर बोलले. ‘ताई, समूहावर प्रमाण भाषा वापरावी. शब्द सतरा. अपूर्ण.’

ताईंनी लिहिलं, ‘बरं सर.’

बाईला बक्षीस नको होतं, सर्टिफिकेट नको होतं. वाचलेल्यावर चार शब्द बोलायला एक माणूस पाहिजे होतं. पावणेदोनशे वाचकांत ते मिळेना! पुढं दीड वर्ष त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

०००

मग सरांनी ‘फिरतं पुस्तक’ काढलं. कुणीतरी एक पुस्तक द्यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती एसटीनं ते नांदेड-लातूर फिरणार. प्रत्येकानं पंधरा दिवस ठेवायचं, वाचायचं, अभिप्राय टाकायचा, पुढं पाठवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुस्तक कोणी देईना! ज्यांच्या कपाटांचे फोटो दर महिन्याला येतात त्यांच्या किल्ल्या नेमक्या तेव्हाच हरवल्या.

शेवटी शोभाताईंनी सरांना फोन करून दिलं. एक जाडजूड कादंबरी. सरांनी ग्रूपवर नाव टाकल्याबरोबर दहा जण म्हणाले, ‘वा! केव्हाच वाचलीये!’ नाव मी तुम्हाला सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही तेच म्हणाल.

पुस्तक नऊ जणांकडं फिरलं. नऊ अभिप्राय आले. ‘स्त्रीमनाचा तळ ढवळणारी.’ ‘एका बैठकीत संपवली.’ इंजिनिअर साहेबांनी नवा कप काढला. शिरूर अनंतपाळच्या एका मास्तरांनी तर लिहिलं, ‘विशेषतः मधल्या भागात शेळीपालनाचे जे बारकावे आले आहेत, त्यातून लेखकाची ग्रामीण जीवनाची जाण दिसते.’ सरांचा शेरा, ‘उत्तम निरीक्षण!’

तिसरा अभिप्राय माझा होता. कव्हरच्या मागचा मजकूर थोडा खालीवर केला. एकशे चार शब्द भरले. सर म्हणाले, ‘छान.’

०००

पुस्तक अर्धापूरला परत पोचलं आणि त्या ‘बरं सर’नंतर दीड वर्षानं शोभाताईंचा पहिला मेसेज आला.

‘सर्वांना नमस्कार. माझ्या पुस्तकात एकशे बारा पानानंतर सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची बांधलेली हायेत. शेळ्यांची माहिती हाय. काशी घर सोडून स्टँडवर जाते आणि एकदम एकशे एकोणतीस पानावर घरात भाकरी करते. ती वापस कामून आली? तुम्ही आधीच वाचली म्हणलात, म्हणून मी पुस्तक फिरवायला दिलं. कोणीतरी सांगा.’

 तासाभरानं एकानं नुसतेच हात जोडले. दुसऱ्यानं लिहिलं, ‘सांगितलं तर मजा जाईल ताई!’ इंजिनिअर साहेब म्हणाले, ‘लेखकाने ते वाचकावर सोडले आहे.’ शेळीवाले मास्तर ग्रूप सोडून गेले.

शेवटी सर आले. ‘ताई, साहित्याचा आस्वाद घ्यायचा असतो. चौकशी करायची नसते.’

मी काय लिहिलं? मी फोन उपडा ठेवला आणि मशीन चालू केलं.

०००

जूनमध्ये शोभाताई पुतणीला क्लास लावायला लातूरला आल्या. पाटी बघून दुकानात शिरल्या. ‘‘तुम्हीच का ग्रूपवरले झेरॉक्सवाले भाऊ? तुम्ही लई चांगलं लिवलं होतं.’’

मी स्टूल दिलं, पाणी दिलं. मग राहवेना. म्हटलं, ‘‘ताई, मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं.’’

‘‘हाव, माहीत हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही मागल्या कव्हरावरलं लिवलं. ते मला पाठ हाय.’’

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. विषय बदलायचा म्हणून विचारलं, काशीचं एवढं काय घेऊन बसलात?

पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, ‘‘मी बी गेले होते एकदा स्टँडवर. पोरगी कडेवर, पिशवी हातात. अन् वापस आले. तीस वर्सं झाली भाऊ. कामून वापस आले ते मला आजबी सांगता येईना. म्हणलं, तिचं तरी कोणी लिवलं असंल.’’

पुस्तकांचा दुकानदार म्हणत होता आवृत्ती संपली. तालुक्याच्या वाचनालयातली प्रत कोणीतरी नेली होती, ती नेलीच. ताईंनी पिशवीतून वही काढली. ‘‘मग मीच लिवलं. सोळा पानं. ह्या शेळ्या काढा अन् हे बसवून द्या. कोणाला सांगू नका. माझ्यापुरतं हाय.’’

मी एक शब्दही न बदलता टाइप केलं. पुस्तकासारखाच टाइप लावला, कागद पिवळसर घेतला. टाइप करताना दोनदा उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. शेळ्या कापल्या, सोळा पानं शिवली, वरून जुनंच कव्हर डकवलं. आणि मग ती कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. पारावर आल्यापासून मी पूर्ण वाचलेलं ते पहिलं पुस्तक.

०००

डिसेंबरात नांदेडला ग्रूपचं गेट-टुगेदर झालं. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, उपमा, चहा, बॅनरवर सरांचा फोटो. पावणेदोनशेतले तीसेक आले. शोभाताई मागच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. ‘फिरतं पुस्तक’ समोरच्या टेबलावर मांडायचं, अशी सरांची ऑर्डर होती, म्हणून ताईंनी ते आणून ठेवलं होतं.

शेवटी सरांचं अभिवाचन असतं. दरवर्षी एखाद्या पुस्तकातलं एक पान ते वाचून दाखवतात. सरांनी तेच पुस्तक उचललं. म्हणाले, ‘‘ही कादंबरी मी अनेकदा वाचली आहे. कुठलंही पान उघडा, सोनंच आहे!’’

नवी शिलाई जिथं असते तिथंच पुस्तक उघडतं. सरांनी एकशे अठरावं पान वाचायला घेतलं.

‘‘स्टँडवर काशीनं तीन गाड्या जाऊ दिल्या. चौथी आली तवा तिच्या ध्यानात आलं, आपल्याला गाडी पाहिजेच नव्हती. कुठं चाललीस बाई, असं कोणीतरी इचारायला पाहिजे होतं. कोणी इचारलं न्हाई. मग तिनं सोतालाच इचारलं. उत्तर आलं न्हाई, अन् लेकरू तर भुकेजलेलं. म्हणून ती घराकडं निघाली. लोक म्हणले, आली वापस. ती कुठं आली होती? ती तर अजून स्टँडवरच उभी हाय.’’

 पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या.  सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘‘काय भाषा आहे!’’ सर म्हणाले. ‘‘याला म्हणतात लेखणी! असं एक वाक्य उतरायला जन्म घालवावा लागतो.’’ मग त्यांची नजर मागच्या रांगेपर्यंत आली. ‘‘शोभाताई, तुमच्यासारख्यांनी नुसते प्रश्न विचारण्यापेक्षा हे पान रोज एकदा वाचावं. काहीतरी शिकाल.’’

शोभाताई पदर सावरून उभ्या राहिल्या.

‘‘सर, थांबू नका. पुढलं पान ह्याच्याहून बरं जमलंय.’’

सरांनी हात वर केला.

‘‘ताई, मोठ्या लेखकाबद्दल बोलणं चाललंय. मध्ये बोलू नका.’’