शेवटच्या पेटीचं उत्तर

लॅपटॉपवर नाव टाइप झालं, पेटीचा नंबर मिळाला आणि टीममधला एक जण ओरडला, "चंपाबाई! चंपाबाईनंच घात केला!"

हॉस्पिटलच्या मीटिंग हॉलमध्ये हशा पिकला. हसता हसता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. खिडकीपाशी रिसेप्शन काउंटरच्या सुलभाताई उभ्या होत्या. त्याही हसल्या. मग पदराला हात पुसत बाहेर गेल्या. हात कोरडेच होते.

मी तेव्हा स्टॉपवॉच बघत होते. छत्तीस मिनिटं. मला वाटलं, खेळ रंगला.

मी मंचरला राहते. आधी पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर सिक्युरिटीचं काम केलं. आता जुन्नर-आंबेगावातल्या हॉस्पिटलांना, भाजी-फळं भरून पाठवणाऱ्या पॅकहाउसना, शाळांना त्याचं ट्रेनिंग देते. नुसतं भाषण दिलं की लोक जांभया देतात. म्हणून मी एस्केप रूम करते. पाच-सहा जणांना एका खोलीत घालायचं. खोलीत कुलूपबंद पेट्या, छापलेले खोटे ईमेल, कीबोर्डखाली चिकटवलेला पासवर्ड असं काय काय पेरून ठेवायचं. एक कोडं सुटलं की पुढचं हाती लागतं. चाळीस मिनिटांत शेवटची पेटी उघडायची. खोटा ईमेल कसा ओळखायचा, हे लोक खेळता खेळता शिकतात.

हे जुन्नर तालुक्यातलं एक लहान हॉस्पिटल. नाव सांगत नाही. वर्षभरापूर्वी तिथे रॅन्समवेअर शिरला होता. म्हणजे असा प्रोग्रॅम, जो तुमच्याच फायलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. पेशंटच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. म्हणून मॅनेजर थोरवे साहेबांनी मला बोलावलं.

"गोष्ट इथलीच घ्या," ते म्हणाले. "म्हणजे डोक्यात बसेल."

"तो ईमेल कुणी उघडला होता?"

"काउंटरवरच्या एका बाईंनी. कुरिअरचा समजून."

मी नाव विचारलं नाही. त्या बाई अजून इथेच आहेत का, हेही विचारलं नाही. घरी बसून मी एक चंपाबाई तयार केली. दिसेल त्यावर क्लिक करणारी, जरा बावळट. चोराला दार कुणी उघडून दिलं, हे शेवटचं कोडं. उत्तर चंपाबाई.

चहाच्या सुट्टीत सुलभाताई मला पॅसेजमध्ये दिसल्या.

"ताई, तुमची टीम खेळायची राहिली ना?"

"मी काय खेळू मॅडम? मला उत्तर ठावं हाय."

तो ईमेल उघडणाऱ्या बाई याच, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तोंडातून एवढंच निघालं, "मला माहीत नव्हतं हो."

"नसंल. तुमी बाहेरच्या." त्या शांतपणे बोलत होत्या. "खेळ चांगला हाय. पण एक राहिलं बगा. त्या दिवशी स्क्रीन लाल झाली, तशी मी वायर उपसली. शेजारच्या मशिनींच्या बी उपसल्या. पळत वर गेले आन् सायबांना सांगितलं, माज्या हातनं झालंय. ते नाय लिवलं तुमी."

अशा वेळी नेटवर्कची वायर काढणं आणि लगेच सांगणं, याहून शहाणपणाचं काही करता येत नाही. एक्स-रे आणि लॅबची मशिनं त्यांच्यामुळे वाचली होती. आणखी एक गोष्ट नंतर एका सिस्टरने सांगितली. कुत्रं चावलेल्या पेशंटना इंजेक्शनच्या पुढच्या तारखेची आठवण सुलभाताई स्वतः फोन करून द्यायच्या. यादी गेली तेव्हा त्या वही घेऊन बसल्या. बोरीचा मेंढरंवाला, घाटघरची म्हातारी, अशी एकेक माणसं आठवून लिहून काढली. नंबर नव्हते, तर गावच्या दुकानदारांना फोन लावले. सगळी माणसं सापडली.

मी थोरवे साहेबांकडे गेले.

"दुपारची बॅच पुढे ढकला. मला गोष्ट बदलायची आहे."

"अहो मॅडम, ट्रस्टी येतायत बघायला. आणि एवढं काय त्यात? खेळच तर आहे."

मी अडून बसायला हवं होतं. बसले नाही. फक्त नाव बदललं. दुपारच्या टीमने सकाळच्यांकडून ऐकून, कोडं न सोडवताच "चंपाबाई" टाइप केलं. लॅपटॉपने ते नाकारलं.

"मॅडम, तुमचंच उत्तर चुकलंय," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. ट्रस्टीही हसले. काय झालं ते त्यांना कळलंही नव्हतं.

ते नाव सुलभाताईंना चिकटलं. कँटीनमध्ये, ड्यूटीच्या यादीवर, कॉम्प्युटर अडकला की. त्यांनी काउंटर सोडून चादरींच्या खोलीत बदली मागून घेतली. पुढे कामावर येणंच बंद केलं. सतरा वर्षांची नोकरी होती.

काही महिन्यांनी थोरवे साहेबांचा फोन आला. पुन्हा तेच झालं होतं. लॅबमधल्या एका मुलीने शनिवारी सकाळी एक खोटी लिंक उघडली. स्क्रीन विचित्र दिसली. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि गप्प बसली. सोमवारपर्यंत सगळं नेटवर्क गेलं. बॅकअप, म्हणजे नोंदींची जादा प्रत, त्याच नेटवर्कला जोडलेली होती. तीही गेली.

मी हॉस्पिटलला गेले तेव्हा ती मुलगी माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती.

"लगेच सांगितलं असतंस तर बरंच वाचलं असतं गं. का नाही सांगितलंस?"

 ती म्हणाली, "सांगणाऱ्याचं काय होतं ते बघितलं ना मी. तुमच्याच खेळात."



त्या आठवड्यात मी येडगावला सुलभाताईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर कांद्याची रोपं निवडत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी आत जाऊन चहा आणला.

"परत या ताई. मी साहेबांशी बोलते."

"नको. सतरा वर्सं मी आल्या-गेल्याला नावानं हाक मारली. आता तितं मला माज्या नावानं कोन हाक मारंल?"

मी कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "त्या इंजेक्शनवाल्यांना फोन करतंय का कोन?"

"विचारून सांगते," मी म्हणाले. विचारलं. कुणी करत नव्हतं. हे त्यांना कळवायला मला दोन दिवस लागले. फोनवर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

हॉस्पिटलला मी नवा खेळ फुकट करून देते म्हटलं. त्यांनी नको म्हटलं. भिंतीवर पोस्टर लावलेत म्हणे.

माझ्या नव्या खेळात गुन्हेगार शोधायचा नसतो. सगळ्यांत जास्त गुण, "माझ्याकडून चूक झाली" असं सर्वांआधी सांगणाऱ्याला. आणि काम घेण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. इथे पूर्वी कुणाकडून काही झालं होतं का? ती व्यक्ती त्या दिवशी खोलीत असणार आहे का? काही साहेब लोकांना हे आवडत नाही. दोन ठिकाणची कामं त्यापायी गेली. त्याला माझा इलाज नाही.