गच्चीवरचा समुद्र

दुष्काळात पाणी उडतं, मीठ तळाला राहतं. नोकरीचंही तसंच. बाकी सगळं उडालं, किस्से तेवढे तळाला बसले. मी लातूरच्या एका कॉलेजात शिपाई होतो. चौथी नापास. ऐकायचं तर ऐका, नाही तर उठा!

*

भूगोलाच्या बिराजदार सरांनी कॉलेजच्या गच्चीवर लोखंडी हौद ठेवला, मिठाचं पाणी भरलं आन् म्हणाले, "धोंडिबा, हा समुद्र!"

चौफेर जमीन, एक नदी आत येते, बाहेर जायला वाट नाही, असला समुद्र. कॉलेजच्या विहिरीची रोज एक घागर ओतायची, ती नदी. खारटपणा कसा वाढतो ते मोजायचं आन् हजारो वर्षांमागं असल्या समुद्रांवर पाऊस किती, ऊन किती, ते काढायचं. उदगीरची शिवलीला त्यावर पीएचडी करत होती.

"सर, माणसाला प्यायला न्हाई, आन् तुम्ही समुद्र पाळायलात?"

सर हसले नाहीत.

*

शिवलीलानं मला समजावलं, "मामा, पाण्यातबी हलकं-जड असतंय. ऊन हलकं उचलतं, जड मागं राहतं."

म्हटलं, "आमच्या गावावानी! हलके पुण्याला गेले, जड हितंच."

*

पहिल्या उन्हाळ्यात हौद चार बोटं उतरला. मला दया आली. टँकरच्या दोन घागरी गुपचूप ओतल्या.

शिवलीला आलेख घेऊन आली. "मामा, दहा हजार वर्षांमागं पूर आणलात की!"

सगळं पुन्हा पहिल्यापासून. तवापासून नियमच झाला, एक घागर, ना जास्त ना कमी. चुकली की सगळं वाया!

*

लातूर फुटून नवा जिल्हा झाला, कुठला कागद कुठल्या कचेरीत ते कुणालाच ठाऊक नाही. गच्चीवर पाणी लपवलंय, अशी कुणीतरी चुगली केली. तहसीलदार साहेब जीपनं आले, ओंजळभर प्याले आन् फायलीवरच थुंकले!

"समुद्र हाय, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी तोंड पुसलं. "ह्या समुद्राचा कागद जुन्या जिल्ह्यात का नव्या?"

*

तिसरा उन्हाळा. बापानं शिवलीलाला एवढीच मुदत दिली होती, मग लग्न. अकरा दिवस उरले होते. त्या सकाळी विहिरीचा तळ खरवडून एकच घागर निघाली.

कॉलेज झाडणारी काशीबाई रिकामी कळशी घेऊन काठावर बसलेली. घरी सून बाळंतीण.

"पाज बाई तुझ्या समुद्राला," ती शिवलीलाला म्हणाली. "त्याला लई तहान!"

मी ओरडलो, "काशे, हात लावू नको! पोरीची तीन वर्षं हायत त्या घागरीत!"

शिवलीलानं घागर उचलली, काशीबाईच्या कळशीत उपडी केली आन् गच्चीवर गेली. मी मागं गेलो. तिनं वही उघडली, तारीख घातली.

चौथी नापास मी, पण तेवढं वाचता आलं:

"आज नदी आली नाही."