गच्चीवरचा पानमळा

आज सकाळी ग्रीनहाऊसच्या प्लॅस्टिकवर आतून थेंब साचले होते आणि त्यांच्यामागे नागवेलीचं पहिलं पोपटी पान उलगडलं होतं.

गावाहून आणलेली ही वेल गच्चीच्या उन्हावाऱ्यात दोनदा करपली होती. म्हणून पाइप, हिरवी जाळी आणि प्लॅस्टिक जोडून मी तिच्यासाठी हे लहानसं घर उभं केलं. माझे वडील, आप्पा, जन्मभर दुसऱ्यांच्या पानमळ्यात राबले. ते फोनवर हसले होते, "अरे, तू शिकलास ते ठीक. आता वेलीलाही शाळेत घालतोस काय?"

लहानपणी त्यांची भाकरी घेऊन जायचो, तेव्हा चपला बांधावरच काढाव्या लागत. मळ्यात चपला घालून जायचं नाही, ही तिथली रीत. आत शेवरीची झाडं ऊन अंगावर घेत आणि त्यांच्या सावलीत वेल वर चढे. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, त्या दिवशी आप्पा शेवटच्या रांगेत उभे होते. माझ्या वाट्याचं ऊन कुणी घेतलं, हे आज त्या पोपटी पानाकडे बघताना फार जाणवलं.

दुपारी आप्पा आले. जिने चढून दमले होते, तरी म्हणालेच, "ही मच्छरदाणी बांधलीस होय रे?"

मी प्लॅस्टिकचं दार उघडलं. त्यांना पान दिसलं. भिंतीला हात टेकून त्यांनी चपला काढल्या, बाजूला सारल्या आणि अनवाणी आत गेले.