शंभर टक्के हजेरीचे आप्पा

आमच्या चित्रकला महाविद्यालयात शंभर टक्के हजेरी असलेला एकच माणूस होता आणि त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. पोर्ट्रेटच्या तासाला त्यांनी समोर स्टुलावर बसायचं आणि आम्ही त्यांचा चेहरा काढायचा, हे त्यांचं काम. दहाचा तास असला की आप्पा पावणेदहाला स्टुलावर हजर. विद्यार्थी सव्वादहाला, सर साडेदहाला. तोवर आप्पा रिकाम्या वर्गासमोर एकटेच बसून राहायचे आणि आम्ही आत शिरलो की घड्याळाकडे बघून म्हणायचे, "मेंढरं सुदिक येळंवर उठत्यात गड्या." सर आले की मात्र काही म्हणायचे नाहीत. नुसते खाकरायचे.

आप्पा कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरचे. उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली. पुढे पाय थकले, मेंढरं विकली, आणि एकदा सांगलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेले असताना आमच्या एका सरांनी त्यांचा चेहरा हेरला. तेव्हापासून गावची पहिली एसटी, मग कॉलेजचं स्टूल, मग परत शेवटची एसटी. दोन मुली, एक लोणंदला दिलेली, एक विट्याला. गावात ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या आजी. स्वतःच्या कामाबद्दल आप्पांना भलताच अभिमान होता. "सातारा-सांगलीतलं निम्मं डराइंग मास्तर माझ्या थोबाडावर पोट भरत्यात," असं ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवत. हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

अभिमान चेहऱ्याचा कमी, मिशीचा जास्त. पांढरीशुभ्र, गालावर चढलेली, वरचा ओठ पूर्ण गिळून खालच्याही ओठावर सावली धरणारी अशी ती मिशी होती. खिशात एक एवढासा कंगवा असे. तास सुरू व्हायच्या आधी मिशी विंचरल्याशिवाय आप्पा पोज देत नसत. चित्रात मिशी बारीक आली तर तास संपल्यावर त्या मुलाच्या मागं उभं राहून सरांना ऐकू जाईल असं म्हणत, "ह्येला उपाशी ठेवत्यात जणू हॉस्टेलात." डावीकडून काढलं तर खूश, उजवीकडून काढलं तर तोंड वाकडं. माणूस म्हणजे अगदी नटवा.

आता कॉलेजची एक खासगी गोष्ट सांगते. चेहऱ्यात सगळ्यात अवघड काय, तर तोंड. डोळे जमतात, नाक जमवता येतं, पण ओठ जरासे चुकले की माणूस दुसराच होतो. आप्पांच्या मिशीनं हा प्रश्न कायमचा सोडवला होता. तोंड दिसतच नव्हतं, तर काढणार काय? आमच्या कॉलेजच्या उत्तम निकालात प्राध्यापकांपेक्षा त्या मिशीचा वाटा मोठा होता. शिवाय परीक्षेलाही आप्पाच बसायचे. त्यामुळे सीनियर मुलांनी आप्पांचा एक साचाच तयार केला होता आणि तो दरवर्षी खालच्या वर्गाला मिळायचा. कपाळावर तीन आठ्या, मधली तुटलेली. डावा कान मोठा. नाकाच्या टोकापासून मिशी सुरू, मग हनुवटी, वर पटका, झालं. गणित पाठ करून पास होतात, इतिहास पाठ करून पास होतात. आम्ही माणूस पाठ केला होता.

चांगल्या अभ्यासाच्या सवयींबद्दल कॉलेजात बोललं जात नव्हतं असं नाही. जिन्यात मोठा फ्लेक्सच लावला होता, 'यशस्वी विद्यार्थ्याच्या दहा सवयी'. त्यावर लॅपटॉपसमोर हसणारी एक गोरीगोमटी मुलगी होती. चित्रकलेच्या कॉलेजातला हा फ्लेक्स बाहेरच्या दुकानातून करून आणला होता, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आप्पांना वाचता येत नसे. त्यांनी माझ्याकडून दहाच्या दहा सवयी वाचून घेतल्या. ध्येय ठरवा, सकारात्मक राहा, पाणी भरपूर प्या. सगळं ऐकून म्हणाले, "एका जागी बसा, आसं कुठं लिवलंय?" मी म्हटलं, नाही लिहिलेलं. "मग फाडा त्यो," असं म्हणून ते वर गेले.

आम्ही बसत नव्हतो हे खरंच होतं. आमचा अभ्यास म्हणजे आप्पांचा मोबाइलवर एक फोटो काढायचा, तास सुटला की टपरीवर जायचं आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी काचेवर त्या फोटोची प्रिंट ठेवून गिरवायची. महिन्याची शंभर स्केचेस एका दिवसात व्हायची. ती जुनी दिसावीत म्हणून कागदावर चहा शिंपडायचा. आप्पांना हे सगळं ठाऊक होतं आणि चहाड्या करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "सर, त्येच्या वहीतला चा कालचाच हाय, वास येतोय," असं भर वर्गात सांगून त्यांनी एका मुलाचं सबमिशन बुडवलं होतं. आम्ही ज्या लाकडी बाकावर बोर्ड टेकवून बसायचो त्याला इंग्रजीत गाढव म्हणतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं तेव्हा आप्पा दिवसभर हसत होते.

एवढी चहाडखोरी करूनही दुपारी मात्र सगळे त्यांच्याभोवतीच. त्यांच्या फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि आजींनी कुटलेली शेंगदाण्याची चटणी असायची. मेसच्या डाळीवर दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यांना ती चटणी म्हणजे मेजवानी होती. आप्पांच्या वाट्याला अर्धी भाकरी यायची. मग दुसऱ्या वर्षापासून फडकं मोठं झालं, भाकरी वाढल्या. कुणी वाढवल्या, त्यासाठी कुणाला किती पहाटे उठावं लागलं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. चटणीत लसूण कमी पडला तर तेवढं सांगायचो.

माझं म्हणाल तर माझे वडील निवृत्त सुभेदार. कोरेगावजवळ आमचं गाव, थोडाफार ऊस, आणि भावकीत घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घराण्यात चित्रकला म्हणजे बेंदराला बैलांची शिंगं रंगवणं, तेवढीच. तिथून मी भांडून सांगलीला आलेली. आणि शेवटच्या वर्षाला पोर्ट्रेटमध्ये नापास झाले. कारण साधं होतं. वर्गात मी जेमतेम जात होते. वडील ओरडले नाहीत. म्हणाले, "आनिक एक चान्स. ह्या बारीला पास झालीस तर तुझं तू बघ. न्हाईतर पोलीस भरतीच्या ग्राउंडवर. फायनल." सुभेदारांचं फायनल म्हणजे फायनल. भरतीला लागते तेवढी उंची मला होती, हे माझं दुर्दैव.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी जीव तोडून अभ्यास केला. म्हणजे सीनियरांचा साचा घोटला. परीक्षेआधीची सुट्टी लागल्यावर घरी बसून आप्पा समोर नसताना रोज दोन आप्पा काढले. मिशी तर अशी बसली होती की डोळे मिटून काढावी. वडील मागं उभं राहून बघत आणि मान डोलावत. त्यांच्या मते पाठ असणं म्हणजेच तयारी.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे साडेनऊलाच हजर. पावणेदहाला आप्पा आले. मिशी नव्हती. सफाचट. पटका मागून मानेपर्यंत खाली ओढलेला आणि त्याखाली एक अनोळखी म्हातारा. आमचा साचा नाकापर्यंतच चालणार होता. माझ्या डोळ्यांसमोर भरतीचं मैदान आलं, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आप्पा, आजच बरी हौस आली हो! वर्षभर मिशी जपलीत आणि नेमकं परीक्षेला नटून आलात. वाटोळं केलंत आमचं."

दोघेतिघे हसले. आप्पा स्टुलावर बसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाट हाय न्हवं तुमास्नी? मग काढा की. माझ्याकडं बगायची गरज कवा पडली तुमाला?"

घंटा झाली. आणि खरं सांगते, आम्हाला ते परवानगी दिल्यासारखंच वाटलं. अर्ध्या तासात वर्गातल्या बहुतेक कागदांवर मिशी उगवली. माझी तर सगळ्यांत झोकदार होती. बाहेरून आलेले परीक्षक हात मागं बांधून फिरत होते. माझ्याजवळ थांबले, कागदाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"ह्या गृहस्थांना मिशी आहे का?"

"होती, सर."

"परीक्षा आजची आहे की मागच्या महिन्याची?" असं विचारून ते पुढे गेले. पुढच्या कागदावर मिशी, त्याच्या पुढच्यावर मिशी. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं.

दुपारच्या सुट्टीत पाणी प्यायला खाली गेले तर आमचे शिपाई मामा भेटले. म्हणाले, "आप्पास्नी कशाला बोललीस गं? काल दहावा झाला आजीचा. पोरगा न्हाई पोटी, म्हणून त्येंनीच भादरून घेतलं. मी सकाळी म्हनलं, आज कशाला आलासा? तर म्हनत्यात, दहावा काल झाला, त्यारावं परवा हाय, मधी मोकळाच हुतो."

मी वर आले. आप्पा स्टुलावरच बसून होते. फडकं आणलेलं नव्हतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माफी मागायची सोडून मी माझ्या बोर्डामागं जाऊन बसले. उरले होते दोन तास. माझं चित्र जवळजवळ पुरं झालेलं, हमखास पास होणारं. परीक्षेचा कागद एकच मिळतो. खोडलं आणि नाही जमलं, तर थेट भरतीचं मैदान. तरी मी खोडरबर घेतलं आणि आधी मिशी खोडली, मग आठ्या, मग सगळंच. यात मोठेपणा काही नव्हता. मला लाज वाटत होती आणि त्या मिशीकडे बघवत नव्हतं.

मग तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाकडे बघितलं. मिशीखालची कातडी कधी ऊन न लागलेली, बाकीच्या चेहऱ्याहून फिकी. वरचा ओठ अगदी पातळ. तोंडाची डावी कड मधूनच हलायची, आणि ती हलू नये म्हणून ते दात आवळून धरत होते. आठ्या तीन नव्हत्याच, पाच होत्या. डावा कान मोठा नव्हता. कुणीतरी कधीतरी चुकीचा काढला होता आणि तोच आमच्यापर्यंत आला होता. चार वाजेपर्यंत माझा पटका राहिला, एक कान राहिला, मान तर काढलीच नाही. पण तोंड काढलं.

निकालाचं सांगून टाकते. मिशीवाले सगळे साठाच्या वर गेले, कारण त्यांची चित्रं पूर्ण होती. मला एक्केचाळीस मिळाले. काठावर पास. वडिलांनी पेढे आणले. पास म्हणजे पास, एवढंच त्यांचं म्हणणं. आज मी साताऱ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरीण आहे, म्हणजे आप्पांच्या हिशेबानं त्यांच्याच थोबाडावर पोट भरते. मुलांना मोबाइल दप्तरात ठेवून एक पेरू तासभर बघायला लावते आणि त्यामुळे फारशी लोकप्रिय नाही. आप्पा त्या परीक्षेनंतर कॉलेजात आले नाहीत. लोणंदच्या मुलीनं त्यांना नेलं, आणि दीड वर्षानं ते तिथंच वारल्याचं कळलं. कॉलेजात आता पडद्यावर फोटो लावून पोर्ट्रेट काढतात. फोटो हलत नाही, चहा मागत नाही आणि चहाड्याही करत नाही, त्यामुळे सगळी सोय झाली आहे.

पण त्या दिवशी चार वाजता, कागद गोळा व्हायच्या आधी, आप्पा नेहमीसारखे उठले आणि एकेका बोर्डामागं जाऊन उभे राहिले. मिशीवाल्या चित्रांना काही म्हणाले नाहीत. माझ्यामागं आले आणि खूप वेळ थांबले. मी मान खाली घालून म्हणाले, "आप्पा, सकाळी चुकलं माझं." त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. चित्राकडेच बघत होते.

"हिला दावलं आसतं तर वळखलं नसतं तिनं," ते म्हणाले. "लगीन झालं तवाच मिशी हुती. बिनमिशीचा कवा बगितलाच न्हाई तिनं मला."

मला रडू आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आप्पा, आजींचं नाव काय होतं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आता इचारतीस व्हय," म्हणाले, आणि स्टूल उचलून भिंतीला लावून निघून गेले.

नाव मला अजूनही माहीत नाही.